भूकंप, मोबाईल आणि तलाठ्याची वही

भडगावात भूकंपाचा विषय सहसा निघत नाही. गिरणा धरणात साठा किती, जामद्याच्या बंधाऱ्यावरून आवर्तन कधी सुटणार, कापसाला यंदा काय भाव मिळणार, यातच तालुक्याचं वर्ष सरतं. त्यामुळे दिवाळीला पुण्याहून आजोळी आलेल्या भाचीने मोबाईल पुढे करून सांगितलं, "मामा, उद्या तालुक्यात भूकंप झाला तर कुठली संस्था कुठल्या गावात पोचली आणि कुठल्या गावात कुणीच गेलं नाही, हे यावर दिसेल," तेव्हा घरातल्या बाकीच्यांनी विषय बदलला. मामांनी तो बदलू दिला नाही.

मामा महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. १९९३ साली, तरुण तलाठी असताना, खानदेशातून भूकंपग्रस्त किल्लारीकडे निघालेल्या मदतीच्या एका ट्रकबरोबर ते गेले होते. भाची संगणक अभियंता. नोकरी सांभाळून, आपत्तीच्या वेळी अनेक संस्थांची कामं एका नकाशावर आणणाऱ्या सॉफ्टवेअरवर स्वयंसेवक म्हणून काम करते. दोघांनाही समोरच्याच्या कामाबद्दल आदर होता, म्हणूनच त्यांचा वाद दिवाळीभर पुरला.

खानदेशात हा प्रश्न काढायला कारण आहे. नर्मदा आणि तापी ज्या पट्ट्यातून वाहतात, तिथे जमिनीखाली जुने भ्रंश आहेत. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सुमारे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. २२ मे १९९७ ला याच पट्ट्याच्या पूर्वेकडे जबलपूर हादरलं. भारतीय मानक ब्युरोच्या २००२ च्या नकाशात जळगाव-धुळ्याचा बराच भाग तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, क्षेत्रात येतो. आणि किल्लारी? ती १९९३ साली सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होती. तिथली माणसं भूकंपापेक्षा डोक्यावरच्या माळवदांनी आणि दगड-मातीच्या जाड भिंतींनी मारली. खानदेशातल्या खेड्यांत अजूनही धाब्याची घरं आहेत. पावसाळ्याआधी त्यांवर दरवर्षी मातीचा नवा थर चढतो आणि छताचं ओझं वाढत जातं.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन उरकून लोक नुकतेच झोपले होते. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसं गेली. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली.

"मदत कमी पडली नव्हती," मामा म्हणाले. "देशभरातून ट्रक येत होते. आम्ही पोचलो तेव्हा रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडले होते. एका गावात तीन-तीन संस्था जेवण वाटत होत्या आणि आत, आडवाटेच्या वस्तीवर, लोक पिण्याचं पाणी मागत होते."

भाचीला हेच ऐकायचं होतं. "म्हणजे अडचण माहितीचीच होती ना, मामा? कुणाकडे काय आहे आणि कुणाला काय हवं आहे, हे एका जागी दिसलं असतं तर तो कपड्याचा ट्रक निघालाच नसता."

"निघाला असता. कपडे नकोत हे तिथे प्रत्येकाला कळत होतं. पण आलेल्या ट्रकला 'परत जा' म्हणायचं कुणी? आणि म्हटलं तर ऐकायचं कुणी? प्रत्येक संस्थेला आपला फलक लावायचा होता, तोही डांबरी रस्त्यावरच्या गावात."

या मुद्द्यावर मामांचं पारडं जड आहे. माहिती असणं आणि त्या माहितीनुसार दुसऱ्याला वळवण्याचा अधिकार असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपत्तीच्या तंत्रज्ञानावर उत्साहाने बोलणारे पहिली मिळवतात आणि दुसरीकडे वळतच नाहीत. पण मामांच्या बोलण्यातही एक फट आहे. अधिकार असलेल्या माणसाकडे चित्रच नसेल, तर तो हुकूम तरी कशाच्या आधारावर देणार?

त्या पहाटेचंच एक उदाहरण भाचीने दिलं. तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे की, विसर्जनाच्या बातमीसाठी ते जागेच होते. खिडक्यांची तावदानं थरथरली तसा त्यांनी कोयनेच्या भूकंपमापन केंद्राला फोन लावला आणि भूकंपाचं केंद्र किल्लारीकडे असल्याचं त्यांना कळलं. "तेव्हा त्यासाठी मुख्यमंत्र्यांना फोन करावा लागला. आज राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचं ॲप काही मिनिटांत केंद्र आणि तीव्रता कुणालाही दाखवतं."

"केंद्र दाखवतं. पडलेलं घर दाखवतं का?" मामांनी विचारलं आणि माळीणची आठवण काढली. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात डोंगर कोसळून माळीण गाव गाडलं गेलं. दीडशेवर माणसं गेली. ही बातमी बाहेर कशी आली? नेहमीची एसटी घेऊन गेलेल्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, त्याने कळवलं. सगळं गावच ढिगाऱ्याखाली असेल तर मोबाईलवरून मदत मागणार कोण? जिथून निरोप येत नाही ते गाव नकाशावर कोरं राहतं, आणि नुसता नकाशा बघणाऱ्याला कोरी जागा म्हणजे सुखरूप जागा वाटते.

भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने मोबाईलमध्ये एक टिपण लिहून ठेवलं: ज्या गावातून ठरल्या वेळेत काहीच कळलं नाही, ते गाव लाल दाखवायचं. दिवाळीभराच्या वादातली ही सर्वांत उपयोगी दुरुस्ती होती.

हैतीचा विषय निघाला तेव्हा दोघंही सारखेच तापले. १२ जानेवारी २०१० ला पोर्ट-ओ-प्रिन्स शहर कोसळलं. राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद पडला. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेचं मुख्यालय पडलं आणि मोहिमेचे प्रमुख हेदी अन्नाबी त्यातच गेले. ज्यांनी समन्वय करायचा त्यांचीच कार्यालयं ढिगारा झाली. अशा वेळी ४६३६ या क्रमांकावर लोकांनी फुकट लघुसंदेश पाठवावेत अशी सोय झाली. संदेश हैतीच्या क्रेयॉल भाषेत येत. जगभर विखुरलेले हैतीचे लोक घरी बसून त्यांचं भाषांतर करत, ठिकाण शोधून देत आणि ते मदत पथकांकडे पोचवत. उपग्रहाच्या चित्रांवरून हजारो मैलांवरच्या स्वयंसेवकांनी ओपनस्ट्रीटमॅपवर शहराचे रस्ते काही दिवसांत रेखाटले. ज्या शहराचा धड नकाशा उपलब्ध नव्हता, त्याचा नकाशा शोधपथकांच्या हातातल्या यंत्रांत आला.

"आणि संस्थांच्या बैठका?" मामांनी हेही वाचलं होतं. त्या बैठका विमानतळाजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या तळावर भरत, बऱ्याचशा इंग्रजीत चालत, आणि हैतीतल्याच संस्थांना फाटकातून आत शिरणं अवघड होई. ज्यांचं गाव पडलं तेच बाहेर. "आपल्याकडे काय होईल सांगू? एखादी म्हातारी फोन करेल, 'धाबं पडनं, माय खाले दबायनी, लवकर या.' मुंबईत फोन उचलणाऱ्याला काय कळेल? सातपुड्याच्या पायथ्याचा पावरा माणूस काय बोलला, हे तर जळगावातही कुणाला कळणार नाही."

हैतीचा अनुभव या जागी दोघांनाही उत्तर देतो. तिथलं भाषांतर यंत्राने केलं नव्हतं, त्या भाषेत वाढलेल्या माणसांनी केलं होतं. तंत्रज्ञानाने एवढंच केलं की ती माणसं पॅरिस-न्यूयॉर्कमध्ये असूनही कामाला येऊ शकली. पुणे, नाशिक, सुरतेत नोकरीधंद्यानिमित्त गेलेले खानदेशी लोक हजारोंनी आहेत. अहिराणी आणि पावरी कळणाऱ्यांची नावं आधी नोंदवून ठेवली, तर संकटात तेच दुभाषे होतील. भाचीच्या ॲपमध्ये भाषेचा रकानाच नव्हता. त्या संध्याकाळी तो आला.

मामांचा सर्वांत मोठा आक्षेप मात्र साधा होता: टॉवर पडला तर? ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथल्या तरुण प्रोग्रॅमरांनी समाजमाध्यमांवरच्या हाकांमधून पत्ते वेचून ढिगाऱ्यांचा नकाशा उभा केला. पण कितीतरी ठिकाणी टॉवर आणि वीज दोन्ही गेली होती, आणि ८ फेब्रुवारीला खुद्द सरकारनेच ट्विटरवर काही तास निर्बंध आणले. हाका येण्याची वाटच अडली. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात भुजचं दूरध्वनी केंद्र बंद पडलं, तेव्हा हॅम रेडिओवाल्यांनी तिथे जाऊन निरोप पोचवले होते.

"म्हणून तर मी म्हणते की यादी छापलेली पण हवी," भाची म्हणाली. मामा चकित झाले. आपण वहीची बाजू घेतोय आणि ही मोबाईलची, असं ते धरून चालले होते. तिचं म्हणणं वेगळं होतं. मूळ यादी एकच असावी. ती दर काही महिन्यांनी छापून तहसील कार्यालयात, पोलीस ठाण्यात, ग्रामीण रुग्णालयात आणि प्रत्येक गावच्या पोलीस पाटलाकडे असावी. जाळं चालू असेल तोवर मोबाईल वापरायचा, बंद पडलं की तोच कागद उघडायचा आणि निरोप पोलिसांच्या वायरलेसवरून द्यायचा. दोन्हीत गावांचे क्रमांक आणि रकाने सारखेच, म्हणजे मोबाईल पुन्हा सुरू झाल्यावर कागदावरच्या नोंदी चढवता येतील.

श्रीलंकेतल्या प्रोग्रॅमरांनी डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर 'सहाना' हे सॉफ्टवेअर तयार केलं, तेव्हा त्यातही मुख्य भाग चारच होते: बेपत्ता माणसं, छावण्या, संस्थांची नोंद आणि मागण्या. पुढच्याच वर्षी पाकिस्तानातल्या भूकंपात ते वापरलं गेलं. चांगल्या तलाठ्याच्या वहीत यापेक्षा फार वेगळं काही नसतं.

बेपत्ता माणसांच्या रकान्यावर मात्र मामा अडून बसले. किल्लारीनंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. एवढ्या मुलांची नावं, गाव, नातेवाईक यांची नीट नोंद नसती तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो. "ती नोंद जबाबदार हातात होती. तुझ्या नकाशावर 'या छावणीत आईबाप नसलेली मुलगी आहे' असं जगाला दिसलं, तर तिला न्यायला काका बनून कोण येईल, सांगता येतं का? आणि विधवेची जमीन कुठल्या गटात आहे हे दिसलं, तर दलाल आधी पोचेल."

इथे भाचीने हार मानली, आणि ती मानायलाच हवी होती. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपत्तीच्या वेळी माणसाची संमती न घेता त्याची माहिती वापरायला वाट ठेवली आहे. ती वाट मदतीसाठी आहे, चव्हाट्यासाठी नाही. कुठल्या गावाला किती तंबू हवेत हे सगळ्यांना दिसावं. कुठल्या तंबूत कोण आहे हे फक्त नेमलेल्या माणसालाच दिसावं, आणि त्याने ते कधी पाहिलं याचीही नोंद राहावी. ही काळजी कागदी वहीला घेता येत नाही. वही ज्याच्या हाती लागेल त्याला सगळं उघडं असतं. हे लक्षात आल्यावर मामांच्या मनातलं ॲपबद्दलचं किल्मिष थोडं कमी झालं.

मग वाद खऱ्या जागी आला: हे सगळं भूकंपाच्या आधी करायचं की नंतर?

नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ ला भूकंप झाला, तेव्हा नामा बुढाथोकी यांची काठमांडू लिव्हिंग लॅब्ज ही संस्था लगेच कामाला लागू शकली. कारण काठमांडू खोऱ्यातल्या शाळा, दवाखाने, गल्ल्या नकाशावर आणण्याचं काम तिथे आधीच्या काही वर्षांत झालेलं होतं. जगभरचे हजारो स्वयंसेवक आले ते त्या पायावर. कच्छमध्ये तर यंत्रही नव्हतं. १९९८ च्या चक्रीवादळानंतर तिथल्या संस्थांनी मिळून 'कच्छ नवनिर्माण अभियान' उभं केलं होतं. २००१ ला भूकंप आला तेव्हा या संस्था एकमेकींना ओळखत होत्या. त्यांनी काही गावांमागे एक अशी 'सेतू' केंद्रं उघडली. गावाने आपली गरज सेतूला सांगायची, बाहेरच्या संस्थेनेही आधी सेतूकडे यायचं. किल्लारीत जो फलकांचा गोंधळ मामांनी पाहिला, त्याला कच्छने शोधलेलं हे उत्तर होतं.

त्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे, आणि तो अभिमानाने सांगावा असा आहे. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या मदतीने घरदुरुस्तीचा मोठा कार्यक्रम चालला. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने त्यात हजाराहून अधिक गावांत बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. कुणाचं घर किती पडलं, हप्ता मिळाला का, गवंडी भिंतीत आडवे दगड घालतो का, हे त्या बघत आणि वर कळवत. २००१ साली याच लातूरकडच्या बायका कच्छला गेल्या आणि तिथल्या बायकांबरोबर बसल्या. त्यांच्या हातात मोबाईल नव्हता. त्यांच्याकडे प्रश्नांची यादी होती आणि ते विचारण्याचा अनुभव होता.

"तर मग आपली यादी कशी होईल?" मामांनी शेवटी स्वतःच कागद ओढला. यावर त्यांचं ज्ञान अफाट होतं. जेसीबी आणि पोकलेन कुणाकडे आहेत. हायड्रा क्रेन पाचोऱ्यात की चाळीसगावात. गॅस कटर चालवणारे फॅब्रिकेशनवाले कोण. बोअरची गाडी, पाण्याचे टँकर, मंडपवाल्यांचे जनरेटर. केळी भरणाऱ्या ट्रकांचे मालक, कारण रात्री-अपरात्री गाडी काढायची सवय त्यांनाच. कापसाच्या जिनिंगची मोठी शेड, जिथे शेकडो माणसं झोपू शकतील, पण कापूस नसेल तेव्हाच. मंगल कार्यालयं, त्यांची भांडी, त्यांचे आचारी. माहेरी आलेली नर्स. सुट्टीवरचा जवान. कुठल्या गावात किती धाब्याची घरं आणि त्यांत किती म्हातारी एकटी. गिरणेवरचा पूल गेला तर पलीकडच्या गावांना कुठून जायचं.

भाची टाइप करत गेली. हाताशी काय आहे ते नोंदवण्यासाठी केंद्र सरकारची संगणकीकृत यादीही गेल्या वीसेक वर्षांपासून आहे, 'इंडिया डिझास्टर रिसोर्स नेटवर्क' नावाची, पण ती जिल्ह्यांनी भरायची असते. ती जिनिंगच्या शेडपर्यंत आणि माहेरी आलेल्या नर्सपर्यंत पोचणार नाही. शिवाय यादी शिळी होते. केरळमध्ये ऑगस्ट २०१८ च्या पुरात संकेतस्थळावर मदतीच्या मागण्यांचा पाऊस पडला, तेव्हा सुटका झालेल्यांच्या मागण्याही तशाच फिरत राहिल्या. स्वयंसेवकांना एकेक नंबर फिरवून "तुम्ही सुटलात का?" असं विचारत बसावं लागलं. विकलेला जेसीबी आणि बदली झालेली नर्स यादीत राहिली तर ऐन वेळी तासचे तास वाया जातील. आणि पहिले तासच महत्त्वाचे असतात. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्यात आहे, राष्ट्रीय दलाची बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला. दोन्ही कितीही तत्पर असली तरी पहिले हात शेजाऱ्यांचेच असतील.

एक मुद्दा मिटला नाही. ही यादी ठेवायची कुणी? मामा म्हणत होते, तहसीलदारांनी. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष आहेत, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष आहेत. हुकूम द्यायचा अधिकार तिथेच आहे, तर यादीही तिथेच हवी. भाची म्हणत होती, तहसीलची इमारतच पडली तर? पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये पडलीच ना? यादी संस्था, ग्रामपंचायती आणि तहसील अशा सगळ्यांकडे असावी, एक प्रत जिल्ह्याबाहेर असावी. मामांना भीती अशी की, सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही. तिला भीती अशी की, एकाच कपाटातली यादी कुलपासकट गाडली जाईल.

प्रती अनेक असाव्यात यात भाचीचं बरोबर आहे. पण कुठली संस्था कुठल्या गावात जाणार, हे एकाच टेबलावरून ठरलं पाहिजे, आणि त्या टेबलाशी नोंद केल्याशिवाय मदतीचा एकही ट्रक तालुक्यात शिरता कामा नये. हा नियम आधी जाहीर झालेला नसेल तर कितीही चांगलं ॲप किल्लारीच्या रस्त्यावरचे कपड्यांचे ढीग थांबवू शकणार नाही.

येत्या २६ जानेवारीला गावोगाव ग्रामसभा भरतील. भडगाव तालुक्यातल्याच नव्हे, खानदेशातल्या प्रत्येक वाचकाने आपल्या ग्रामसभेत ही यादी मागावी. जेसीबी, जनरेटर, नर्स, एकटी राहणारी म्हातारी माणसं आणि धाब्याची घरं एवढ्या पाच रकान्यांपासून सुरुवात करावी. गावातल्या एखाद्या मुलीला ती मोबाईलमध्ये चढवायला सांगावी, एक छापील प्रत पोलीस पाटलांकडे द्यावी आणि १५ ऑगस्टच्या सभेत ती मोठ्याने वाचून दुरुस्त करून घ्यावी.